प्रार्थनेच्या ग्रुपवर बेपत्ता मुलीचे नाव आणि फोटो असावा का?

प्रश्न: ग्रुप ॲडमिन, सिंदेवाही परिसर

आमच्या धर्मग्रामाचा (एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समाजाचा) व्हॉट्सॲपवर प्रार्थनेचा एक ग्रुप आहे. चर्चला नियमित येणारी कुटुंबे, नर्सिंग शिकायला नागपूरला गेलेल्या मुली, धान कापणी आटोपून मिरची तोडायला तेलंगणात गेलेले मजूर आणि आपुलकीने जोडले गेलेले शेजारपाजारचे काही बिगर-ख्रिस्ती लोक असे दीडशेच्या आसपास सभासद त्यात आहेत. कोणी आजारी पडले, कोणाची परीक्षा असली की त्याचे नाव ग्रुपवर येते आणि आम्ही सारे आपापल्या घरी एक ‘नमो मरिये’ (मरियामातेची प्रार्थना) म्हणतो. ही पद्धत चांगली चालली होती आणि तिचा आधारही अनेकांना वाटत होता.

मागच्या आठवड्यात शेजारच्या एका वस्तीतील सतरा वर्षांची मुलगी घरातून गेली. एका लांबच्या नातेवाइकाच्या ओळखीच्या माणसाने तिला फोनवरून कंपनीत पॅकिंगच्या कामाचे आमिष दाखवले होते आणि गाडीभाड्याचे पैसेही त्यानेच पाठवले, एवढे कळते. तिचा फोन आता लागत नाही. घरच्यांनी बदनामीच्या भीतीने पोलिसांत तक्रार दिलेली नाही. ग्रुपमधील एका ताईंनी कळकळीने तिचे नाव, गाव आणि शाळेच्या गणवेशातील फोटो टाकून प्रार्थनेची विनंती केली. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुक्यातील इतर ग्रुपवर फिरू लागला आणि त्याखाली जे लिहिले जाऊ लागले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आमच्या सिस्टरांनी फोटो ताबडतोब काढण्यास सांगितले. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे, की फोटो काढला तर मुलगी सापडणार कशी, आणि नाव न घेता प्रार्थना तरी कोणासाठी करायची? येत्या ८ फेब्रुवारीला, एकेकाळी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या संत जोसेफिन बखिता यांचा स्मृतिदिन आहे. मानवी तस्करीविरुद्धच्या प्रार्थनेचा हा जागतिक दिवस आम्ही या वर्षी प्रथमच पाळणार आहोत. त्यामुळे हा प्रश्न एका फोटोपुरता राहिलेला नाही. फोनवरून प्रार्थना करताना काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. मुलीची ओळख पटेल असे काहीही मी येथे लिहिलेले नाही. कृपया उत्तरांतही तसे विचारू नये.

उत्तर: बालसंरक्षणाचे काम करणारा, चंद्रपूर

दादा, प्रार्थनेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याआधी आजच्या आज एक काम व्हायला हवे. मुलगी सतरा वर्षांची आहे, म्हणजे कायद्याने ती बालक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर स्पष्ट सांगितले आहे, की बालक बेपत्ता झाल्याची तक्रार आली की ते अपहरण किंवा तस्करीचे प्रकरण आहे असे गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. ‘चोवीस तास वाट बघा’, ‘पळून गेली असेल, येईल’ असे ठाण्यात कोणी म्हणाले तर शांतपणे हा आदेश सांगावा. हद्दीचा प्रश्नही उरत नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. घरच्यांची हिंमत होत नसेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन करू शकता. त्यासाठी नातेवाईक असण्याची गरज नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ आहेच.

‘ती आपल्या मर्जीने गेली’ हे वाक्य गावात सर्वाधिक ऐकू येते आणि तक्रार तेथेच अडते. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ मानवी तस्करीचे आहे आणि पीडित व्यक्तीच्या संमतीने गुन्हा ठरण्यात काहीही फरक पडत नाही, असे त्यातच लिहिलेले आहे. फसवणूक किंवा आमिष दाखवून शोषणासाठी नेले असेल, तर ती हसत गाडीत बसली होती की रडत, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने गैरलागू आहे. घरच्यांना हे समजावून सांगा. लेकीला दोष लागेल या भीतीनेच ते गप्प आहेत.

आणखी एक गोष्ट, जी गावोगाव चुकते. त्या माणसाच्या क्रमांकावर कोणीही फोन करू नये. गावातील एखादा तरुण तळमळीने फोन लावतो, दोन शिव्या देतो, आणि तासाभरात तो क्रमांक बंद होतो. मुलीच्या आईच्या किंवा मैत्रिणीच्या फोनमध्ये त्याचा क्रमांक, प्रोफाइलवरचा फोटो, व्हॉइस मेसेज, गाडीभाडे ज्या यूपीआय खात्यावरून आले त्याची नोंद यांपैकी जे काही असेल ते पुसू नये, त्याचे स्क्रीनशॉट काढावेत आणि फोन तसाच पोलिसांना दाखवावा. पैशाची ती एक नोंद कित्येकदा माणसापर्यंत पोहोचवते. चार महिन्यांत शोध लागला नाही तर प्रकरण अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जाते. मात्र पहिल्याच तक्रारीत ‘कामाचे आमिष दाखवून नेले’ हे शब्द लिहून घेतले तर तपासाची दिशा सुरुवातीपासून ठरते. नुसते ‘बेपत्ता’ लिहून परत येऊ नका.

उत्तर: निवृत्त रेल्वे कर्मचारी, बल्लारपूर

मी सिस्टरांशी सहमत नाही, आणि ते आदराने सांगतो. माझी बरीचशी नोकरी बल्हारशाह स्थानकावर गेली. दक्षिणेकडे जाणारी गाडी येथून पुढे तेलंगणात शिरते, त्यामुळे महाराष्ट्रातून नेलेले मूल ओळखण्याची शेवटची मोठी संधी याच फलाटावर असते. जनरल डब्यातून उतरलेली चार-पाच पोरे मी पाहिलेली आहेत. सगळ्यांच्या पायांत एकाच दुकानातल्या नव्या चपला, आणि नाव विचारले की उत्तर देण्यापूर्वी ती सोबतच्या माणसाकडे बघायची. अशा वेळी रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाच्या फोनमध्ये फोटो असेल तर तो मुलाला अडवू शकतो. फोटो नसेल तर गाडी सुटते. लाजेपोटी फोटो लपवून ठेवलेल्या घरांची लेकरे परत आलेली मला आठवत नाहीत. बदनामीची भीती आपण मुलीच्या जिवापेक्षा मोठी मानू लागलो तर दलालाला दुसरे काय हवे असते?

रेल्वेत प्रवास करताना असे काही दिसले तर १३९ वर कळवावे, हेही या निमित्ताने सर्वांनी लक्षात ठेवावे.

उत्तर: वकील, यवतमाळ

काकांचे म्हणणे मोलाचे आहे आणि ते सिस्टरांच्या म्हणण्याच्या विरुद्ध आहे असे मला वाटत नाही. शोधासाठी दिलेला फोटो आणि चर्चेसाठी फिरणारा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्हा नोंदवल्यावर पोलीस स्वतः मुलीचा फोटो बेपत्ता बालकांच्या शासकीय पोर्टलवर चढवतात, रेल्वे पोलिसांना आणि इतर जिल्ह्यांना कळवतात आणि गरज असेल तर शोधपत्रिका काढतात. ती पत्रिका जशीच्या तशी पुढे पाठवावी. तिच्यात वर्णन आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक असतो; ‘कोणाबरोबर गेली’, ‘कशासाठी गेली’ हे नसते. तुमच्या ग्रुपवर आलेल्या संदेशात नेमके उलटे झाले. कळवायचे कोणाला हे त्यात नव्हते आणि लोकांना बोलायला विषय मात्र मिळाला.

मुलगी सापडली, की त्याच क्षणापासून परिस्थिती पूर्ण बदलते. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ सांगते, की काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्यात बळी ठरलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील संपर्काच्या कोणत्याही माध्यमातून उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराचा भाग असेल तर पोक्सोचे (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे) कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ लागू होते. हे केवळ वृत्तपत्रांसाठी आहे असे समजू नये. ‘प्रार्थना करा, आपली अमुक मुलगी सुखरूप परत आली’ असा आनंदाचा संदेशही फोटोसह पाठवला तर तो या कलमांच्या कक्षेत येऊ शकतो. ॲडमिन म्हणून तुम्ही तो फोटो सर्वांसाठी हटवावा, आणि ज्या ग्रुपवर तो गेला त्यांच्या ॲडमिनना स्वतः फोन करून हटवण्यास सांगावे. मोबाइलच्या गॅलरीत आपोआप उतरलेली प्रत राहते, म्हणून तीही पुसण्याची आठवण सभासदांना द्यावी.

उत्तर: धर्मभगिनी, अमरावती धर्मप्रांत

वकील ताईंनी कायदा सांगितला. दादा, तुमचा मूळ प्रश्न प्रार्थनेचा होता, आणि तो मला अधिक कठीण वाटतो. नाव घेतल्याशिवाय प्रार्थना करता येते का?

आमच्यासारख्या धर्मभगिनींच्या मंडळांनी २००९ मध्ये मानवी तस्करीविरुद्ध जे आंतरराष्ट्रीय जाळे उभारले त्याचे नाव ‘तलीथा कूम’ (‘मुली, ऊठ’) आहे, आणि ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातून घेतले आहे. तो उतारा आपण याईराच्या मुलीचा चमत्कार म्हणून वाचतो आणि पुढे सरकतो. प्रभू येशू त्या घरी पोहोचतो तेव्हा काय घडते, ते सावकाश वाचून पाहा. दाराशी गर्दी आहे, रडणे-ओरडणे चालले आहे. प्रभू त्या सगळ्यांना बाहेर काढतो. मुलीचे आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच घेऊन तो आत जातो, तिचा हात धरतो, तिला उठवतो. नंतर दोनच गोष्टी सांगतो: हे कोणालाही कळू देऊ नका, आणि हिला काहीतरी खायला द्या. मार्क आपल्याला त्या मुलीचे वय सांगतो, तिच्या बापाचे नाव सांगतो, पण तिचे नाव सांगत नाही. दोन हजार वर्षे आपण तिच्याविषयी वाचत आलो आहोत आणि तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यामुळे तिच्या उठण्यात काही उणे राहिलेले नाही.

रडणाऱ्यांची ती गर्दी वाईट होती असे मी म्हणत नाही. तिच्यात शेजारी असतील, नात्यातली माणसे असतील, त्यांचे रडणेही खरे असेल. तरीही मुलीला उठवण्याच्या वेळी त्यांची जागा बाहेरच होती. आपल्या ग्रुपवरील दीडशे माणसांची तळमळ खरी आहे हे मला मान्य आहे, पण त्या मुलीच्या उशाशी दीडशे माणसांना जागा नाही. तुमचे धर्मगुरू, एखादी सिस्टर, मुलीचे आईवडील आणि पोलिसांकडे जाणारी एक-दोन माणसे यांना नाव ठाऊक असणे पुरेसे आहे. इतरांनी ‘आपल्या परिसरातील एका लेकीसाठी’ म्हणावे. ज्याच्याकडे आपण मागणे मागतो त्याला ती कोण हे सांगावे लागत नाही.

संत बखितांच्या चरित्रात हा नावाचा प्रश्न फार खोलवर आहे. त्या १८६९ च्या सुमारास सुदानमधील दार्फुर भागात जन्मल्या. बालपणीच त्यांना पळवून नेले गेले आणि त्या धक्क्यात आईवडिलांनी ठेवलेले नावच त्या विसरून गेल्या; ‘बखिता’ हे नाव पळवणाऱ्यांनी दिलेले. एका मालकाकडून दुसऱ्याकडे त्या विकल्या गेल्या, त्यांच्या अंगावर पात्याने नक्षी कापून जखमांत मीठ भरले गेले. अखेर खार्तुममध्ये एका इटालियन वाणिज्यदूताने त्यांना विकत घेतले आणि १८८५ मध्ये त्या इटलीत पोहोचल्या. तेथे ज्या कुटुंबाकडे त्या मूल सांभाळण्याचे काम करत होत्या, त्यांनी काही काळ त्यांना व्हेनिसमध्ये कॅनोसियन भगिनींच्या आश्रयाला ठेवले. मालकीण त्यांना परत न्यायला आली तेव्हा बखितांनी जाण्यास नकार दिला. पुढे काय झाले हे आपल्या लोकांनी जरूर ऐकावे. भगिनींनी केवळ प्रार्थना केली नाही. आश्रमाच्या प्रमुख आणि व्हेनिसचे धर्माधिकारी यांनी अधिकाऱ्यांकडे दाद मागितली, आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की बखिता स्वतंत्र आहेत. त्यानंतर ९ जानेवारी १८९० रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६ मध्ये त्यांनी कॅनोसियन भगिनी म्हणून व्रते घेतली आणि ८ फेब्रुवारी १९४७ रोजी स्किओ येथे त्यांनी देह ठेवला. संत जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यांना संतपद घोषित केले, आणि पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने २०१५ पासून हा दिवस तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा आणि जागृतीचा दिवस झाला. आधी न्यायालयाचा निर्णय आणि मग बाप्तिस्मा हा क्रम मी प्रत्येक ठिकाणी मुद्दाम सांगते, कारण पोलिसांत जाणे म्हणजे श्रद्धेत कमी पडणे, असे मानणारी भाबडी माणसे आपल्यात आहेत.

ज्या ताईंनी फोटो टाकला त्यांना कृपा करून ग्रुपवर बोलू नका. त्यांच्याकडे कोणीतरी घरी जाऊन बोलावे.

उत्तर: धर्मगुरू, नागपूर

८ फेब्रुवारी या वर्षी रविवारी येतो, म्हणून संत बखितांची स्वतंत्र मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) होणार नाही, रविवारचीच उपासना राहील. यात मला अडचण दिसत नाही, उलट सोय दिसते. लॅटिन परंपरेच्या वाचनक्रमानुसार त्या दिवशी पहिले वाचन यशया ५८:७-१० आहे. भुकेल्याला आपली भाकर दे, बेघराला घरात घे, असे सांगणारा हा उतारा पुढे म्हणतो, की आपल्यामधून जुलूम, बोट दाखवणे आणि दुष्ट बोलणे दूर कर. ॲडमिन आणि वकील ताई यांनी वर ज्या कुजबुजीविषयी लिहिले तिच्यासाठी याहून थेट वचन मला सापडले नसते. या उताऱ्याच्या अगोदरची सहावी ओवी, जुलुमाच्या बेड्या तोडा असे सांगणारी, रविवारच्या वाचनात येत नाही. प्रवचनात ती वाचून दाखवता येईल. आपला चांदा (चंद्रपूर) धर्मप्रांत सिरो-मलबार या केरळमधील वेगळ्या कॅथलिक परंपरेचा असल्याने सिंदेवाहीकडे त्या दिवसाची वाचने वेगळी असतील, पण भाविकांच्या प्रार्थनेत हा हेतू कोठेही घेता येतो.

तंत्रज्ञानाविषयी दोन शब्द. पोप महोदयांच्या प्रार्थना मंडळाचे ‘क्लिक टू प्रे’ हे ॲप आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा त्या महिन्याचा हेतूच तस्करीतील पीडितांसाठी होता आणि जगभरातून लोक एकाच विनंतीवर एकत्र आले. अशी साधने चांगली आहेत, पण सिंदेवाहीच्या जंगलपट्टीत ऑनलाइन रोझरीचा (जपमाळेच्या प्रार्थनेचा) आग्रह धरू नये. रेंज जाते, निम्मी माणसे मधेच तुटतात आणि उरलेल्यांचे लक्ष ‘आवाज येतो का’ यातच अडकते. त्यापेक्षा जपमाळेचे एक दशक (दहा मण्यांची प्रार्थना) मराठीत आणि जमल्यास गोंडीतही एखाद्या स्थिर आवाजाच्या बाईंकडून म्हणवून घ्यावे, त्याचे ध्वनिमुद्रण ग्रुपवर पाठवावे. तेलंगणात मिरचीच्या शेतावर मुक्कामी असलेली माणसे रात्री जेथे फोन चार्ज करतात तेथे बसून ते ऐकू शकतील आणि सोबत म्हणू शकतील.

त्या मजुरांचा विचार मी येथे आवर्जून करतो, कारण तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त मुलगी येते. उचल घेतली म्हणून शेतावरून परत येऊ दिले जात नाही, आधारकार्ड काढून घेतले आहे, मजुरीचा हिशेब मिळत नाही, अशी स्थिती असेल तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती संपूर्ण देशात बंद केली आहे आणि अशी उचल फेडण्याचे बंधनही त्याच कायद्याने रद्द होते. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची असते. शिकलेल्या मुलांचीही गत वेगळी नाही. टेलिग्रामवर थायलंडमधील डेटा एन्ट्रीची जाहिरात पाहून गेलेली मुले म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या तळांवर डांबली गेली, आणि मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने एकाच दिवशी २८३ जणांना वायुदलाच्या विमानाने थायलंडमधील माए सोतहून परत आणले. परदेशातील कामासाठी कोणी पैसे मागत असेल, तर तो एजंट शासनाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का हे आधी बघावे. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या युवकांच्या बैठकीत हे पोर्टल उघडून दाखवायला फार वेळ लागत नाही, आणि ८ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात मी भाषणापेक्षा त्यालाच वेळ देईन.

उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाला वीस रुप्याच्या नाण्यांना विकणारे कोणी अनोळखी दरोडेखोर नव्हते, ते त्याचे भाऊच होते. तुमच्या प्रकरणातही सुरुवात नातेवाइकाच्या ओळखीतूनच झाली आहे. युवकांना अनोळखी माणसापासून सावध राहा एवढेच शिकवून भागणार नाही.

उत्तर: अंगणवाडी सेविका, मूल तालुका

मी ख्रिस्ती नाही, पण हा विषय आमच्या रोजच्या कामाचा आहे म्हणून लिहिते. मिरचीच्या हंगामात गाव अर्धे रिकामे होते. महिला व बालविकास विभागाने स्थलांतर करणाऱ्या गरोदर माता आणि बालकांच्या नोंदीची जी पद्धत सुरू केली, तिच्या पहिल्या जिल्ह्यांत आपला चंद्रपूर होता. त्या नोंदीचा हेतू आहार आणि लसीकरणाचा आहे, पण तिच्यामुळे बाई कोणत्या गावी गेली हे आम्हाला कळते. एकटे जाणारे तरुण मात्र या नोंदीत येत नाहीत, आणि तीच खरी फट आहे. मुकादमाचे पूर्ण नाव, त्याचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि जेथे काम आहे त्या शेतमालकाचे गाव एवढे जरी जाण्याच्या दिवशी कोणीतरी वहीत लिहून ठेवले तरी पुढे शोधाला धागा राहतो. तुमच्या चर्चमधील लोकांनी ही वही सुरू केली तर ती ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना दाखवून करावी, म्हणजे कोणाला शंका येणार नाही. ग्रामपंचायतीत ग्राम बाल संरक्षण समिती असते. तिची बैठक कागदावरच राहत असेल तर ती भरवण्याची मागणी करावी. आणि ही वही कोणीही फोटो काढून ग्रुपवर टाकू नये, एवढे मात्र पाहावे.

प्रश्नकर्त्याचे पुढील लिखाण

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल मुलीच्या वडिलांना घेऊन आमचे फादर, पोलीस पाटील आणि मी ठाण्यात गेलो. आमिषाचा उल्लेख आणि पैसे आलेल्या खात्याची नोंद यांसह गुन्हा दाखल झाला आहे. फोटो आमच्या ग्रुपवरून हटवला. इतर ग्रुपच्या ॲडमिनपैकी बहुतेकांनी ऐकले, दोघांनी अजून ऐकलेले नाही. फोटो टाकणाऱ्या ताईंच्या घरी सिस्टर जाऊन आल्या, आणि जपमाळेचे दशक आता त्याच ताईंच्या आवाजात मुद्रित करायचे ठरले आहे.

एकच विचारायचे राहते. मुलगी परत आली तर आम्ही तिच्याशी कसे वागावे? आभाराची मिस्सा ठेवून तिला पुढे बोलवावे, तिने साक्ष द्यावी, असे काहींनी आतापासूनच सुचवले आहे.

उत्तर: धर्मभगिनी, अमरावती धर्मप्रांत

साक्षीसाठी तिला मुळीच बोलवू नये, आणि तिने स्वतः इच्छा दाखवली तरी त्या काळात थांबावे. आभाराची मिस्सा जरूर करावी, पण तिचा उल्लेख न करता, एखाद्या साध्या दिवशीच्या सकाळच्या मिस्सेत तो हेतू ठेवावा.

ती सापडली की प्रथम चोवीस तासांच्या आत तिला बालकल्याण समितीपुढे हजर करतील, कदाचित काही दिवस बालगृहात ठेवतील. आईवडिलांना ते शिक्षेसारखे वाटते, म्हणून ही पद्धत त्यांना आधीच समजावून ठेवा. भेटायला एकच ओळखीची बाई जावी, जमाव जाऊ नये. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि तिच्यावर अत्याचार झाला असेल तर राज्याच्या मनोधैर्य योजनेतूनही मदत मिळते. वकील ताई यात मार्ग दाखवतील. घरी आल्यावर काय झाले, कसे झाले हे कोणी विचारू नये. तिला सांगायचे असेल तेव्हा ती ज्याला सांगायचे त्याला सांगेल, आणि तोपर्यंत तुमच्याकडून तिच्या घरी तांदूळ, डाळ, तेल पोहोचत राहावे. अशा घरात त्या दिवसांत रोजाला जाणारा माणूस ठाणे आणि न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकतो आणि चूल अडते.

शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा अर्ज भरून तिला बाहेरून बारावीला बसता येते. त्या अर्जाची मुदत आणि शुल्क यांची चौकशी तुमच्यापैकी कोणीतरी आताच करून ठेवावी.